बुढीचा सिनेमा पहिला दाखवायचा नसते

जळगाव जामोदच्या आमच्या जमीन मोजणी कार्यालयात साहेब सगळ्यांत जुने मोजणीदार होते. त्यांना कुणी विचारलं, "साहेब, तुमच्या त्या जपान्याचे सिनेमे पाहायचे तर कुठून सुरू करू?" तर ते कधी लगेच सिनेमाचं नाव सांगत नसत. आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि विचारायला लागायचे.

"माय हाये?"

"बाप?"

"घरात म्हातारं मानूस कोन?"

"कोनाशी अबोला हाये का?"

विचारणारे बहुतेक टिंगलीसाठीच विचारायचे. शेजारच्या कचेरीतले लोक चहाला आले की एकमेकांना कोपरानं ढोसायचे आणि एक जण मुद्दाम तो प्रश्न टाकायचा. साहेबांना टिंगल कळायची नाही असं नाही. पण प्रश्न कोणत्याही तोंडातून आला तरी प्रश्नच आहे, असं त्यांना वाटत असावं. एकदा एका तलाठ्यानं असाच विचारला. माय आहे, बाप नाही, असं हसत हसत सांगत गेला. "अबोला?" म्हटल्यावर तो थांबला. हातातला कप खाली ठेवला.

"भावाशी हाये," तो म्हणाला. "लय वर्षं झाले."

"मंग तू पोट्ट्याइच्या सिनेमापासून सुरू कर. त्यात काहीच होत नाही, दोन पोट्टे बापावर रुसतेत बस. भावाभावाचा हाये एक, पन तो आता नको पाहू. तुले सोसनार नाही."

तलाठी चहा अर्धा टाकून निघून गेला. पुन्हा त्यानं साहेबांची टिंगल केलेली मी ऐकली नाही.

त्या दिग्दर्शकाचं नाव मी इथं लिहीत नाही. साहेबही घेत नसत. ते त्याला 'आपला मानूस' म्हणायचे. नाव सांगितलं की लोक नाव पाठ करतात आणि सिनेमा पाहत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तो माणूस कधीचाच मरून गेलेला. आयुष्यभर त्यानं एकाच गोष्टीचे सिनेमे काढले. साधी घरं, साधी माणसं, कुणाचं लग्न, कुणाचं म्हातारपण, कुणाचं जाणं. जगभरात त्याला मानतात, हे साहेबांना फार उशिरा, माझ्याकडून कळलं. त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही.

हा माणूस त्यांच्या घरात आला तोही चुकून. नागपूरला धम्म कार्यक्रमाला गेले असताना फुटपाथवर एकानं त्यांना 'जपानचा बुद्धाचा सिनेमा' म्हणून सीडी विकली. घरी येऊन दोघं नवराबायको आंघोळ करून, तथागतांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून बसले. दोन तास झाले तरी बुद्ध काही आले नाहीत. एक म्हातारा पडवीत बसून चहा पीत होता आणि त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मले वाटलं आता येतीन, आता येतीन," साहेब सांगायचे. "सिनेमा संपला. ही म्हने, आले नाहीत का हो? मी म्हनलं, येऊन गेले वाटते, आपल्याले दिसले नाहीत." आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. पुढे त्याच फुटपाथवरून एकेक करत बाकीचे सिनेमेही आणले.

ही म्हणजे काकू. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सिनेमा जपानी, खालची अक्षरं इंग्रजी. साहेबांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. पण त्यांनी डिक्शनरी आणली, एकेक वाक्य थांबवून मोजणीच्या जुन्या फील्डबुकांच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतलं. मग रविवारी दुपारी जेवणं झाली की सतरंजी टाकून दोघं बसायचे आणि पडद्यावरचं माणूस बोललं की साहेब बोलायचे. सगळ्यांचं तेच बोलायचे. म्हाताऱ्याचं, सुनेचं, शेजारणीचं, लहान पोरांचं. आणि बोलायचे ते काकूंच्या भाषेत, म्हणजे आपल्या वऱ्हाडीत.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. काकूंनी जेवायला बोलावलं होतं. टीव्हीचं टेबल पाहून मला हसू आलं होतं. साहेबांनी त्याचे पाय करवतीनं कापून टाकले होते. "आपला मानूस कॅमेरा बसल्या मानसाच्या छातीएवढा ठेवते," ते म्हणाले. "मी पडद्यावर दोरी धरून मापला. मंग आपन खुर्चीवर बसून वरतून काऊन पाहाव?" मोजणीलाही ते तसेच जायचे. इतर लोक यंत्र लावून मोकळे व्हायचे. हे आधी बांधावर उकिडवे बसून पाच मिनिटं शेत बघायचे. दोन्हीकडचे वादी ताटकळत उभे. "उभ्यानं पाह्यलं का मानूस मालक होते, बेटा," ते मला म्हणाले होते, "बसून पाह्यलं का पाव्हना होते."

त्या दुपारी पडद्यावर एक बाप मुलीला काही तरी सांगत होता. साहेब खालच्या आवाजात बोलायला लागले. "तू जाशीन तर घर खाली होईन, हे खरं हाये. पन खाली घराले का होते बापा? झाडून घेतो, बसतो." काकू शेंगा फोडता फोडता थांबल्या. म्हणाल्या, "खोटं बोलून राह्यला तो. त्याले रडू येऊन राह्यलं." साहेब म्हणाले, "हाव. पन पोरीले सांगू नको."

मी उठून न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. माझे वडील तेव्हा वडनेर भोलजीला एकटे राहत होते. मी बाहेर आल्यावर साहेबांनी टीव्ही बंद करून टाकला होता. "चुकलंच मायं," ते म्हणाले. "तुले विचारलंच नाही कोनकोन हाये घरी. हा तुले पहिला दाखवाचा नव्हता."

त्यानंतर त्यांनी मला रीतसर क्रमानं सिनेमे दाखवले. पोरांचा आधी. मग शेजारणींच्या भांडणाचा. मग कॉलेजातल्या मित्रांचा. म्हातारीच्या मरणाचा, जो जगात सगळे त्याचा मोठा सिनेमा मानतात, तो दीड वर्षानं. काकूंना तो फार प्रिय होता. त्यात शेवटी भिक्खू येतात, सुत्तपठण होतं, तेव्हा काकू शेंगांची परात बाजूला सारून हात जोडायच्या. "आपल्यासारखेच हायेत हे लोक," त्या मला म्हणाल्या. "कुठलं जपान न कुठलं आपलं गाव. आपलेच हायेत."

आता मी जे केलं ते सांगते.

मी पुण्यात चार वर्षं शिकले. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये "मले भाजी नको" म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं. कुणी वाईट नव्हतं त्यातलं. नंतर त्यांतल्याच दोघी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. पण त्या संध्याकाळपासून मी 'मला' म्हणायला शिकले, आणि इतकी चांगली शिकले की वडनेरला गेल्यावर वडील म्हणायचे, "पाव्हनी आली." म्हणजे ते हसू कसं असतं हे मला माहीत होतं. तरीही मी साहेबांना पुण्याला घेऊन गेले.

कॉलेजातला माझा एक मित्र तिथं सिनेमा मंडळ चालवायचा. मी त्याला फोनवर साहेबांबद्दल सांगितलं, तर तो उडालाच. म्हणाला, मुक्या सिनेमांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी बसून बोलणारी माणसंच असायची. हे तर तसंच आहे, तेही बुलढाणा जिल्ह्यात! त्यांना घेऊन ये. मला फार बरं वाटलं. साहेबांना मी शोधून काढलं आहे, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ते मला आज सांगायला लाज वाटते, पण होतं.

मी साहेबांना विचारलं. त्यांनी चार दिवस घेतले. मग म्हणाले, "येतो. पन सुरू कुठून करतेत ते?"

"मोठा सिनेमाच ठेवलाय त्यांनी. म्हातारीचा."

"नाही नाही. नवख्या लोकाइले इथून सुरू नसते करायचं. पोट्ट्याइचा ठेवाले सांग. अदुगर हासू दे त्याइले. हासून झालं का मंग मानूस नरम पडते."

मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, एकच संध्याकाळ आहे, लोक मोठ्या सिनेमासाठीच येतील. मी साहेबांना म्हणाले, "साहेब, ती जाणकार मंडळी आहेत. त्यांनी सगळं पाहिलेलं आहे. त्यांना काही सुरुवात करून द्यायला नको."

"पाह्यलं असंन," ते म्हणाले. "पन आपल्या बोलीत नसंन आयकलं."

मी ऐकलं नाही. ते आले. काकूंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता. त्यांनी साहेबांचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला आणि मला बजावलं, "त्याइले पानी देत जा मंधामंधात. बोलता बोलता घसा सुकते." पुण्यातच नोकरीला असलेला त्यांचा मुलगा येतो म्हणाला होता. त्याला कामातून जमलं नाही.

छोटं सभागृह होतं, पण भरलेलं. साहेबांनी खुर्ची नाकारली. पडद्याशेजारी खाली सतरंजीवर बसले, माईक हातात. सिनेमा सुरू झाला. पहिलंच वाक्य ते बोलले, "अवो, मायी छत्री पाह्यली का कुठं?" आणि सभागृह खळखळून हसलं.

मला वाटलं, ठीक आहे, वाक्यच तसं आहे. साहेबांनीही हसून मान हलवली. पण मग ते हसू थांबेना. जपानी आजीबाई 'काऊन' म्हणाली की हसू. सून 'हाव' म्हणाली की हसू. लोक वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगते. ते खूश होते. असं काही त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. पुढचं वाक्य कधी येतं याची ते वाट पाहत होते. साहेबांचा आवाज हळूहळू खाली गेला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं!"

शेवटाकडे म्हातारी मरते. सकाळ असते. म्हातारा बाहेर येतो, उंबऱ्याजवळ बायकोच्या लाकडी चपला असतात, तो सुनेला एकच वाक्य बोलतो. हे वाक्य साहेब घरी बोलायचे तेव्हा काकू पदरात तोंड लपवायच्या.

साहेब माईकमध्ये म्हणाले, "बुढीच्या चपला अंदर घे बापा. बाहीर दव पडून राह्यला."

सगळ्यांत मोठं हसू त्या वाक्याला आलं. टाळ्याही पडल्या.

मी पहिल्या रांगेत होते. मला साहेबांचा चेहरा दिसत होता. त्यांनी माईक खाली ठेवला नाही. उरलेली सगळी वाक्यं ते शेवटपर्यंत बोलले, एकही गाळलं नाही. पण नकाशावरचे आकडे वाचावेत तसे. दिवे लागले तेव्हा लोक उठून उभे राहिले होते. एक बाई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. हसून हसून पाणी आलं होतं. "काय गोड आहेत हो आजोबा! किती धमाल!"

परतीच्या बसमध्ये मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत राहिले. खामगाव गेलं, नांदुरा गेलं. तेच म्हणाले, "त्या लोकाइची चुकी नाही बेटा. सुरुवातच चुकली. बुढीचा सिनेमा पहिला दाखवायचा नसते."

मी हो म्हणाले. पण आम्हा दोघांनाही माहीत होतं की पोरांचा सिनेमा आधी दाखवला असता तरी म्हातारी मेल्यावर ते हसलेच असते.

कुणीतरी ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं. चपलांचं तेवढंच. आठवड्याभरात ते फिरत फिरत जळगाव जामोदला आलं. बसस्टँडवर, पानठेल्यावर, आमच्या ऑफिसात. खाली लिहिलेलं, 'जपानी बुढा वऱ्हाडात.' साहेब मोजणीला गेले की बांधावरचे लोक म्हणायला लागले, "साहेब, चपला अंदर घेऊ का?" ते पूर्वीसारखे बांधावर बसेनासे झाले. आले की यंत्र लावायचे, खुणा करायचे आणि निघायचे. त्यांच्या मुलानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली हसणारी तोंडं, आणि 'बाबा फेमस.'

काकूंना ते शेजारच्या सुनेनं ऐकवलं. मी तेव्हा तिथंच होते, पापड वाळत घालायला मदत करत. काकूंनी फोन कानाशी धरला. नवऱ्याचा आवाज ओळखून आधी तोंडभर हसल्या. मग लोकांचं हसू ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"हे लोक काऊन हासून राह्यले?" त्यांनी मला विचारलं. "मेली न ते."

मी म्हणाले, "काकू, त्यांना भाषा नवीन आहे ना."

"भाषा नवीन हाये म्हनून मेल्यावर हासतेत?"

मी पुढचा पापड पसरला.

पुढच्या रविवारी मी गेले तर साहेब सतरंजीवर बसले होते आणि टीव्ही सुरू होता. पण ते जे बोलत होते ते ऐकून मी दारातच थांबले. "तू निघून गेलीस तर घर रिकामं होईल, हे खरं आहे. परंतु रिकाम्या घराला काय होतं?" शुद्ध, पुस्तकी, एकेक अक्षर जपून. माझ्यासारखं. त्यांनी जुनी फील्डबुकं बाजूला ठेवून नव्या वहीत सगळं पुन्हा लिहायला घेतलं होतं.

काकूंनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "हे कोन बोलून राह्यलं?"

"बाप बोलतोय," साहेब म्हणाले. "पोरीला."

"हा बाप नाही. हा सायेब हाये कोनीतरी." त्या शेंगांची परात घेऊन आत गेल्या. त्यानंतर रविवारच्या दुपारी त्या मागच्या दारी जाऊन बसायला लागल्या.

मी साहेबांना सांगून पाहिलं. एकदा नाही, पुष्कळदा. म्हटलं, कुणी हसायला येत नाही इथं, तुम्ही आणि काकूच आहात. ते म्हणायचे, "समजते मले. पन तोंड उघडलं का ते हासू आयकू येते. मंग मायंच मले खोटं वाटते."

हिवाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. अकोल्याला नेलं, तीन आठवड्यांनी परत आणलं. उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं, पण समजत सगळं होतं. साहेबांनी पलंग बाहेरच्या खोलीत आणला. टीव्हीखाली विटा लावून तो पलंगाइतका उंच केला. मुलगा येऊन दोन दिवस राहून गेला.

मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जायचे. एका संध्याकाळी काकूंनी डाव्या हातानं टीव्हीकडे खूण केली. साहेबांनी विचारलं, "कोन्ता लावू?" त्या म्हणाल्या, "बुढीचा." आणि मग खूप वेळ घेऊन, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "बोला न. पह्यल्यासारखं."

साहेबांनी सिनेमा लावला. सुरुवातीची वाक्यं त्यांनी वऱ्हाडीत बोलली. आवाज लागत नव्हता, पण बोलले. काकूंचा चेहरा खुलला. छत्रीच्या वाक्याला त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, झालं, निभावलं.

मग सिनेमातली ती सकाळ आली. उंबरा, चपला. म्हातारा सुनेकडे वळला, त्याचे ओठ हलले आणि साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. म्हातारा बोलून गप्प झाला. काकू वाट बघत होत्या. साहेबांनी सिनेमा मागे नेला. म्हातारा पुन्हा वळला. साहेब म्हणाले, "तिच्या... तिच्या वहाणा आत घेता का? बाहेर दव पडत आहे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर सात दिवसांनी त्या गेल्या. सात दिवसांत त्यांनी पुन्हा सिनेमा लावायला सांगितलं नाही. काकूंचं ते मान वळवणं साहेब किती मोठं मोजत असतील ते मला कळतं.

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी सुत्तपठण केलं तेव्हा साहेबांचे हात जोडलेले होते, पण ओठ हलत नव्हते. माझ्या पुण्याच्या मित्राचा त्याच सुमारास निरोप आला होता. लोक अजून विचारतात, पुन्हा एकदा ठेवू या का, या वेळी मोठ्या हॉलमध्ये? मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्याशी माझं बोलणं तिथंच संपलं.

साहेब आता निवृत्त झाले आहेत. माझी बदली बुलढाण्याला झाली, तरी महिन्यातून एखादा रविवार मी बस धरून जाते. गेल्या वेळी गेले तेव्हा दार लोटलेलं होतं. विटा काढून टीव्ही पुन्हा खाली आलेला. ते सतरंजीवर एका कडेला बसलेले, शेजारची जागा सोडून. सिनेमा सुरू होता, त्यांचा फार आवडीचा, पडवीत चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याचा. खालची इंग्रजी अक्षरं त्यांनी बंद करून टाकली होती. मी बाजूला बसले. म्हातारा शेजाऱ्याशी बराच वेळ काहीतरी बोलत होता. साहेब पडद्याकडे बघत होते आणि गप्प होते.

चार वर्षं पुण्यात आणि त्यानंतरची इतकी वर्षं जी भाषा मी तोंडातून बाहेर येऊ दिली नव्हती, तिच्यात मी विचारलं, "साहेब, का म्हनून राह्यला तो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"जपानी बोलून राह्यला, बेटा," ते म्हणाले. "आपल्याले का समजते."